काहील, थर्माकोल आणि पाण्याखालचा पंख

कंधारपासून खरा समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब. पण गावालगत एक समुद्र हजार वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. जगत्तुंग समुद्र हे त्याचं जुनं नाव. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातल्या (इ. स. ९३९ ते ९६७) कंधारच्या शिलालेखात या तलावाचा उल्लेख येतो. त्याच लेखात गावातली देवळं, मंडप आणि त्यांच्या खर्चासाठी लावून दिलेल्या नेमणुकाही येतात. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश, म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवत. त्याच घराण्याने कंधारला पाणी साठवून एवढा मोठा तलाव उभा केला. पुढे भुईकोट किल्ल्याभोवतीच्या खंदकातही पाणी आलं. बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा सत्ता या किल्ल्यावरून गेल्या. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने नसीरी खानाच्या हाताखाली वेढा घालून तो घेतला. कंधारचा इतिहास लिहिणारे राजांबद्दल, तोफांबद्दल आणि क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीच्या अवशेषांबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतक्या पाण्याकाठी राहणारी माणसं त्या पाण्यावर जात कशी होती?

कोकणात याचं उत्तर सोपं आहे. तिथे गलबतं बांधणारे कारागीर होते, सागवान होतं, बंदरं होती. मराठवाड्यात यातलं फारसं काही नव्हतं. इथल्या नद्या आठ महिने गुडघाभर वाहत आणि चार महिने कुणाला जुमानत नसत. अशा नदीसाठी वर्षभर होडी पोसणं परवडणारं नव्हतं. म्हणून इथल्या माणसाने आधी उतार (पायी पार होता येईल अशी उथळ जागा) शोधला, आणि उतार बुडाला की घरात जे असेल त्याची तरती वस्तू बनवली. विजेवर चालणारी, पाण्याखाली पंख असलेली हायड्रोफॉइल फळी आज जगभरची हौशी माणसं घरच्या शेडमध्ये बनवतात. या फळीचा मराठवाड्याशी संबंध काय, असं वाटू शकतं. संबंध आहे, आणि तो या घरगुती कारागिरीतूनच जातो.

दख्खनच्या नद्या ओलांडण्याचं सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे कातड्याने मढवलेली गोल टोपली. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस याने तुंगभद्रेवर अशा टोपल्या पाहिल्या. आतून वेताच्या, बाहेरून चामड्याच्या, आणि एकेका टोपलीत पंधरा-वीस माणसं. घोडे आणि बैलही त्यातून नेत. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या खाणी बघायला आलेल्या ताव्हर्नियेनेही बैलाचं कातडं चढवलेल्या अशाच टोपल्यांचं वर्णन केलं आहे.

या टोपलीने मराठवाड्याच्या इतिहासातही एकदा निर्णायक काम केलं. १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा आर्थर वेलस्लीने भर पावसाळ्यात मोहीम काढली. मराठ्यांच्या घोडदळाला फुगलेल्या नद्या अडवतील आणि आपल्याकडे टोपल्या असतील तर आपण पार होऊ, असा त्याचा हिशोब होता. टोपल्यांचा व्यास किती, खोली किती, कातडं एकेरी की दुहेरी, याच्या सूचना त्याने आधीच लिहून पाठवल्या होत्या. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. त्यानंतर त्याची फौज गोदावरी उतरून औरंगाबादकडे सरकली, ती अशा टोपल्यांतूनच. पुढे महिनाभराने, २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत मात्र टोपल्या लागल्या नाहीत. वाटाड्यांनी उतार नाही असं सांगितलं होतं. पण कैतना नदीच्या दोन्ही काठांवर पिपळगाव आणि वरुड अशी दोन गावं समोरासमोर दिसली. दोन गावं इतकी जवळ असताना मध्ये वाट नसेल असं होणार नाही, हा वेलस्लीचा तर्क खरा ठरला. हे ज्ञान गावकऱ्यांचं. त्याने ते घरांच्या मांडणीवरून वाचलं.

गावकरी माणूस मात्र टोपलीपेक्षाही साध्या साधनांवर भागवत आला. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची आणि तिच्यावर माणूस, पिशवी, प्रसंगी शेळी पार करायची. मोठी नाव असली तर ती भोई समाजाच्या हातात. मासेमारी आणि पैलतीर गाठून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधला जाई. नंतर ट्रॅक्टर आणि ट्रक आले, आणि ती जागा टायरच्या ट्यूबने घेतली.

आणि मग काहील. गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची लोखंडी काहील महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात पुराच्या दिवसांत नाव होते. तिच्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. अडीच मीटर व्यासाची, उभ्या कडेची काहील पाण्यात फक्त २० सेंटिमीटर बुडाली, तरी ती जवळपास एक टन पाणी बाजूला सारते. काहिलीचं स्वतःचं वजन वजा केलं तरी चार-सहा माणसं सहज जातात. दोष एवढाच की तिला पुढचं-मागचं टोक नाही, त्यामुळे प्रवाहात ती गरगर फिरते आणि एका बाजूला सगळे झुकले की पाणी आत घेते. तरीही बाळंतीण, आजारी म्हातारा, दुधाच्या किटल्या तिच्यातून पार झालेल्या आहेत. या साधनाचा इतिहास कुणी नीट लिहून ठेवलेला नाही, याची खंत वाटते.

धरणांनी चित्र पालटलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. कंधार तालुक्यात बारूळजवळ मन्याड (मानार) नदीवर निम्न मानार प्रकल्प झाला, वरच्या अंगाला लिंबोटीला ऊर्ध्व मानार, नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी. जिथे चार महिने पाणी असायचं तिथे आता बारा महिने, आणि तेही खोल. जुने उतार कायमचे बुडाले. शेत एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला, अशी अवस्था कित्येकांची झाली. ज्यांनी होड्या घेतल्या त्यांनी घेतल्या. बाकीच्यांनी नव्या काळातली सर्वांत हलकी वस्तू उचलली, ती म्हणजे थर्माकोल. तलावांवर मासे धरणारी माणसं आज सर्रास थर्माकोलच्या जाड पत्र्यांवर बसून जाळी टाकताना दिसतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं तर थर्माकोलवर बसून जायकवाडीचं पाणी ओलांडत शाळेला जात होती, हातात बांबू, कारण पाण्यात साप. २०२३ मध्ये ही बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. ही शूरपणाची गोष्ट म्हणून सांगता येत नाही. मुलांना पूल मिळायला हवा होता. पण त्या पोरांना तरंगण्याचं शास्त्र अनुभवाने कळलं होतं, हेही तितकंच खरं.

आतापर्यंतची सगळी साधनं, टोपली, सांगड, काहील, थर्माकोल, एकाच तत्त्वावर चालतात. पाणी बाजूला सारायचं आणि त्याच्या वजनाइतका आधार घ्यायचा. हायड्रोफॉइल इथेच वेगळा पडतो. तो पाण्याखाली विमानाचा पंख चालवतो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट, म्हणून विमानाला जो पंख कित्येक मीटर लागतो तो इथे हातभर पुरतो. माणूस ८० किलोचा आणि बॅटरीसह फळी २५ किलोची धरली, तर ताशी १८ किलोमीटर वेगाला त्यांना उचलायला साधारण १४०० चौरस सेंटिमीटर पंख लागतो. घरातल्या ४२ सेंटिमीटर व्यासाच्या परातीचं जेवढं क्षेत्रफळ, तेवढाच. वेग आला की फळी पाणी सोडून वर येते, लाटांचा आणि पाण्याच्या घर्षणाचा मोठा भाग मागे राहतो, खाली फक्त एक पातळ खांब आणि पंख पाणी कापत जातात.

ही विद्या समुद्रावर जन्मली असं बहुतेकांना वाटतं. तिचा इतिहास वेगळं सांगतो. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने १९०६ मध्ये आपली शिडीसारख्या पंखांची नाव चालवली ती माज्जोरे सरोवरात, ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी केसी बाल्डविन जगप्रवासात असताना फोर्लानिनीच्या नावेत बसून आले, आणि घरी परतल्यावर कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातल्या बेलच्या खासगी इस्टेटीवर, घरच्याच शेडमध्ये त्यांनी प्रयोग सुरू केले. पंख मोडले, आराखडे बदलले. अखेर ९ सप्टेंबर १९१९ रोजी त्यांची साठ फुटी ‘एचडी-४’ ताशी ११४ किलोमीटर वेगाने धावली. त्या काळचा तो जलवेगाचा विक्रम. ही धाव झाली ब्रा दॉर या जमिनीने वेढलेल्या शांत पाण्यात. प्रवाशांना घेऊन जाणारी पहिली यशस्वी हायड्रोफॉइल सेवाही १९५३ मध्ये माज्जोरे सरोवरावरच सुरू झाली. १९५७ मध्ये रशियात रोस्तिस्लाव अलेक्सेयेवची ‘राकेता’ गोर्कीहून कझानला सुमारे सात तासांत पोचली, व्होल्गा नदीतून. साध्या बोटीला त्याच वाटेवर याच्या कित्येक पट वेळ लागत असे. म्हणजे सरोवर, शांत खाडी आणि नदी हेच या विद्येचं माहेर. कंधारच्या तलावाकाठी तिचा विचार करणं यामुळे अजिबात विचित्र ठरत नाही.

विजेवर चालणारी नाव तर त्याहून जुनी. मोरित्स याकोबीने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर बॅटरीची नाव चालवली, डझनभर माणसं बसवून. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूवेने पॅरिसला सेन नदीवर सुकाणूलाच अडकवायची, काढता-घालता येणारी विद्युत मोटर दाखवली. फळीवर उभं राहून पंखावर तरण्याची गोष्ट मात्र अलीकडची. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात माइक मर्फी आणि बॉब वूली यांनी बसून चालवायची ‘एअर चेअर’ काढली. हवाईचा लेर्ड हॅमिल्टन तोच पंख पायाला बांधून मोठ्या लाटांवर गेला. २०१८ च्या आसपास पोर्तो रिकोतल्या लिफ्ट या कंपनीने मोटर आणि बॅटरी असलेली फळी बाजारात आणली, किंमत सुमारे १२ हजार डॉलर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिडाची फळी आणि पतंगाची फळी, दोन्ही प्रकार पंखावर खेळले गेले.

बारा हजार डॉलर म्हणजे त्या वेळचे आठ लाखांहून अधिक रुपये. हौशी माणसांनी ते दिले नाहीत. जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोकांनी घरीच फळ्या बनवल्या. त्या कशा बनतात हे बघितलं की नांदेड-लातूरचा वाचक थबकेल, कारण यातली बहुतेक कामं त्याच्या गल्लीत चालतात.

फळीचं पोट थर्माकोलचं. ते कापायला तापलेली नायक्रोम तार, म्हणजे गणपतीची मखरं कापणाऱ्यांचंच हत्यार. २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि ती कला अनेक हातांतून सुटली, पण हात अजून आहेत. थर्माकोलवर काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी चढवतात. इथे एक सावधगिरी लागते. स्वस्त पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकतं, म्हणून इपॉक्सीच हवं. १२० लिटरची फळी माणूस आणि बॅटरी दोन्ही तरंगत ठेवते, आणि ते गरजेचंच आहे, कारण मोटर बंद पडली की ही पंखावरची फळी पुन्हा भिव धानोऱ्याच्या थर्माकोलच्याच तत्त्वावर येते. खांब अल्युमिनियमचा, ७० ते ९० सेंटिमीटरचा. तो आणि पंखाचं बूड लेथवर घडवता येतं. पंख बहुतेक जण विकत घेतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. त्याचा आकार किंचित चुकला तरी फळी वर येऊन एकदम नाक खुपसते.

मोटर पाण्याखाली चालते, आणि इथे मराठवाड्याची बाजू भक्कम आहे. बोअरमध्ये शेकडो फूट खाली, पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबल मोटर इथल्या शेतकऱ्याला घरच्या माणसाइतकी ओळखीची. ती जळाली की तालुक्याच्या ठिकाणी वाइंडिंगवाला दोन दिवसांत पुन्हा भरून देतो. पाण्यात राहणारी तार, तिच्यावरचं आवरण, शाफ्टचं सील, बुशिंग यांचं जे ज्ञान युरोपातल्या हौशी माणसाला पुस्तकांतून मिळवावं लागतं, ते कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूरच्या दुकानांत वर्षानुवर्षं हातांत आहे. फळीला लागणारी मोटर लहान, सहासात सेंटिमीटर व्यासाची, ब्रश नसलेली, दोन-तीन किलोवॅटची. तिच्या वेगाचं नियंत्रण करणारं यंत्र पाण्यानेच थंड ठेवतात.

बॅटरीबाबत मात्र हयगय चालत नाही. १४ सेल मालिकेत आणि १२ समांतर, असे १६८ लिथियम-आयन सेल जोडले की साधारण ५० व्होल्ट आणि १८०० वॅट-तासांचा संच होतो. दोन किलोवॅट खर्च धरला तर पाऊण तासाहून थोडं अधिक चालतो. हे काम इलेक्ट्रिक स्कूटरचे संच दुरुस्त करणारा करू शकतो, पण निकेलच्या पट्टीचं एक चुकीचं वेल्डिंग किंवा डब्यात शिरलेलं चमचाभर पाणीही आग लावायला पुरतं. जलरोधक डबा, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट, पडताच मोटर बंद करणारी दोरी, मोटरच्या पंख्याभोवती कडं, डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट. यातलं एकही टाळून पाण्यात उतरणारा माणूस कारागीर नव्हे, बेजबाबदार म्हटला पाहिजे. आणि तलाव सार्वजनिक असतो, तेव्हा संबंधित खात्याची परवानगी ही पहिली पायरी.

मग अडतं कुठे? नांदेडला विष्णुपुरी इथे १९८१ मध्ये सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय गोदावरीच्या जलाशयाजवळच आहे. लेथ आहेत, वाइंडिंगवाले आहेत, शिकलेली पोरं आहेत. अडतं ते पाण्यापाशी. ८० सेंटिमीटरच्या खांबाला पंखासह मीटर-सव्वामीटर तरी स्वच्छ खोली लागते. गाळ वर आला की पंख तळाला घासतो, जलपर्णी आणि शेवाळ पंख्यात गुंडाळलं की मोटर जळते, आणि उन्हाळ्यात तलावच आटला की सगळंच संपतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर कंधारपासून फार दूर नाही. काहिलीला वीतभर पाणी चालायचं, थर्माकोलला त्याहून कमी. पाण्याखालच्या पंखाला तलावाची खरी तब्येत लागते. तलाव किती भरला हे काठावरून दिसतं, तो किती उथळ झाला हे दिसत नाही, आणि जुन्या तलावांचं नुकसान याच न दिसणाऱ्या बाजूने झालं आहे.

राष्ट्रकूटांच्या शिलालेखात तलावासोबत देवळांच्या खर्चाच्या नेमणुकांचीही नोंद असलेलं हे गाव. बांधणं एकदाचं, सांभाळणं कायमचं, हे दहाव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना ठाऊक होतं. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ शेतकऱ्याने न्यायचा आणि शेतात पसरायचा, म्हणजे तलाव खोल होतो आणि जमीन सुधारते. जगत्तुंगाचा गाळ मोजून काढणं, त्याची खोली दरवर्षी नोंदवून गावात लावणं, जलपर्णी वाढायच्या आत उपटणं हे काम नगर परिषद, मासेमारी करणारे भोई बांधव, शेतकरी आणि महाविद्यालयं मिळून करू शकतात. विष्णुपुरीच्या विद्यार्थ्यांनी फळी बनवायच्या आधी खोली मोजणारी, बॅटरीवर चालणारी साधी नाव बनवून कंधारला आणावी. तिला परवानगी मिळणं सोपं, खर्च कमी, आणि तिच्या मोटरीत, बॅटरीत, थर्माकोलच्या पोटात पुढच्या फळीचे सगळे धडे आहेत. कंधारकरांनी त्यांना बोलवावं.